विमानाचं इंजिन सुरू करताना आग लागली तर : स्टार्टर सोडायचा की धरून ठेवायचा?

टिळकवाडीचा_वैमानिक

मंडळी, नमस्कार. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलसाठी जे ५ विमानतळ निवडले, त्यात जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारीबरोबर आपलं बेळगावही होतं. पुढे सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, धावपट्टीवर शिकाऊ लहान विमानं दिसू लागली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं-मुली आता वैमानिक व्हायचं म्हणून नाव घालतायत. मला याचा फार आनंद आहे. म्हणूनच एक विषय मराठीत नीट मांडावा असं बरेच दिवस मनात होतं.

हवेत इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून घोटून घेतात. पण विमान जमिनीवर उभं असताना, इंजिन सुरू करतानाच आग लागली तर? हा भाग बहुतेक जण परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात. खरं तर आगीच्या प्रसंगांत हाच एक असा आहे, जिथे माणसाचा उपजत प्रतिसाद आणि योग्य प्रतिसाद अगदी उलट असतात.

आधी आग लागते कशी ते बघू. जुन्या सेसना १५२, १७२ किंवा पायपर पीए-२८ विमानांत लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं कार्ब्युरेटरवालं इंजिन असतं. कार्ब्युरेटर इंजिनाच्या खाली बसवलेला असतो आणि हवा खालून वर खेचली जाते. इंजिन लवकर धरत नाही म्हटल्यावर शिकाऊ माणूस थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा दांडा) पुढे-मागे, पुढे-मागे करायला लागतो. प्रत्येक वेळी कार्ब्युरेटरमधला अ‍ॅक्सिलरेटर पंप कच्च्या पेट्रोलची एक पिचकारी मारतो. इंजिन फिरत नसेल तर ते पेट्रोल वर ओढून घेणारं कोणी नसतं. ते खाली ओघळतं, एअरबॉक्समध्ये (हवा आत घेणाऱ्या डब्यात) साचतं, एअर फिल्टर भिजवतं, तिथून काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) तळातून खाली ठिबकतं. मग स्टार्टर मारला आणि इंजिनाने एक बॅकफायर दिला, की ज्योत इनटेकमधून, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेतून, उलटी खाली येते आणि तिला तिथे पेट्रोल तयारच मिळतं.

आता मुद्द्याचं. अशा वेळी चावी सोडून द्यावी, दार उघडून पळावं, असंच कुणालाही वाटणार. पण उत्पादकाची पुस्तिका सांगते, स्टार्टर चालूच ठेवा. कारण पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतात. इंजिन फिरत राहिलं तर ज्योत आणि साचलेलं पेट्रोल दोन्ही सिलिंडरमध्ये ओढलं जातं, म्हणजे जिथे जळायला हवं तिथेच जळतं. स्टार्टर सोडला की ओढ थांबते आणि आग एअरबॉक्समध्ये निवांत पसरते. पुढे फिल्टर, रबरी नळ्या, वायरिंग.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा. इथे शिकणाऱ्या मुलांनी तर जरूर लिहा.

उद्यमबाग_गॅरेज

चांगला विषय काढलासा. मी विमानातला माणूस नव्हे, पण कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आमची हयात गेली. बॅकफायर मारून बॉनेटखाली आग लागलेली आम्ही पण बघितलीय. अँबेसिडरवाला घाबरून बॉनेट उघडायचा आणि वारा लागून आग आणखी भडकायची. पण गाडीचा कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावर, नाहीतर बाजूला. ज्यादा पेट्रोल झालं तर बरंचसं मॅनिफोल्डमध्ये उतरतं, प्लग ओले होतात, गाडी फ्लड होते. तुमच्यात ते उलटं खाली येतंय, हे मला आज कळलं. म्हणजे फ्लड झालेलं पेट्रोल इंजिनात न राहता बाहेर साठायलंय. हे जास्त वाईट की वो.

एक विचारतो. बॅकफायरचं मूळ आमच्यात बहुतेक टायमिंग नाहीतर लीन मिक्शर, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. तुमच्यात ठिणगीला मॅग्नेटो असतोय म्हणे. स्टार्टरवर इंजिन हळू फिरताना त्याचं टायमिंग कसं सांभाळता?

खानापूरचा_एएमई

गॅरेजवाले दादा, नेमका प्रश्न विचारलात. मी विमानांच्या देखभालीत आहे, म्हणून मीच उत्तर देतो.

चालू इंजिनात ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या बरीच आधी पडते, ओ-३२० सारख्या इंजिनात सुमारे २५ अंश आधी. स्टार्टरच्या मंद गतीला इतक्या लवकर ठिणगी पडली तर इंजिन उलटा झटका देईल. म्हणून मॅग्नेटोमध्ये इम्पल्स कपलिंग असतं. आत स्प्रिंग आहे. खटका मॅग्नेटोला थोडं अडवून धरतो, तोवर ती ताणली जाते, आणि पिस्टन वर पोचायच्या सुमारास खटका सुटून ती त्याला एकदम फिरवते. त्यामुळे ठिणगी उशिरा पडते आणि जोरदारही पडते. प्रॉपेलर हाताने फिरवताना जो 'टक्' आवाज येतो, तो याचाच. हे कपलिंग झिजलं किंवा मॅग्नेटोचं टायमिंग सरकलं, की सुरू करताना बॅकफायर वाढतात. वैमानिकाने 'हल्ली हे विमान सुरू होताना फटके मारतंय' असं लॉगमध्ये लिहिलं, तर आम्ही आधी तिकडेच बघतो. म्हणून मुलांनो, असं काही जाणवलं तर तोंडी सांगून सोडू नका, लिहा. तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीपर्यंत पोचत नाही.

लीन मिक्शरचंही तुम्ही म्हणता ते बरोबर. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. पेट्रोल भरपूर असतं, पण द्रवरूपात. सिलिंडरमध्ये पोचणारं मिश्रण पातळच. पातळ मिश्रण हळू जळतं, इनटेक व्हाल्व पुन्हा उघडेपर्यंत जळत राहतं आणि ज्योत मागे निसटते. म्हणजे खाली पेट्रोलचं डबकं आणि वर पातळ मिश्रण, ही दोन्ही एकाच वेळी असू शकतात. आगीची तयारी इथेच होते.

यावर उपाय म्हणून प्रायमर दिलेला असतो. तो इनटेक पोर्टपाशी, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशीच पेट्रोल फवारतो. थ्रॉटल पंप करण्यापेक्षा तो कधीही बरा. पण त्यालाही माप आहे. जुन्या १७२ च्या पुस्तिकेत थंड इंजिनाला २ ते ६ झटके सांगितलेत आणि गरम इंजिनाला एकही नाही. प्रायमरचा दांडा आत ढकलून लॉक झालाय ना, हे ओढून बघा. लॉक नसेल तर इंजिन चालू असताना तिथून पेट्रोल ओढलं जातं.

टिळकवाडीचा_वैमानिक

यात आपल्या हवामानाचाही विचार करायला हवा. परदेशी लेखांत ही आग बहुतेक कडाक्याच्या थंडीशी जोडलेली दिसते. लायकमिंग आपल्या बहुतेक इंजिनांना उणे १२ अंश सेल्सियसच्या खाली प्रीहीट, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन तापवणं, सांगते. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो, धुकं पडतं, पण इंजिनाच्या दृष्टीने ही थंडी काहीच नव्हे. त्यामुळे इथे पहाटे ६ झटके प्रायमर मारायची वेळ क्वचितच यावी. पुस्तिकेतला आकडा ही मर्यादा आहे, तेवढे मारलेच पाहिजेत असं नाही.

माझ्या मते आपल्याकडचा खरा धोका मार्च ते मेच्या दुपारी आहे. एक विद्यार्थी उतरतो, इंजिन बंद होतं, थोड्या वेळात दुसरा चढतो. विमान नवं १७२ एस असेल तर त्यात कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शनचं १८० अश्वशक्तीचं आयओ-३६० आहे. काउलिंगखाली कोंडलेल्या उष्णतेने नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन धरत नाही. मग मुलगा पंप लावतो, मिक्शर (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा दांडा) पुढे देतो, पुन्हा पंप लावतो. शेवटी इंजिन फ्लड होतं आणि नाकाखाली निळसर पेट्रोल ठिबकायला लागतं. इंजेक्शनच्या इंजिनाला आग लागतच नाही, हा गैरसमज मनातून काढून टाका. कार्ब्युरेटरमधलं डबकं तिथे नाही, पण इनटेकमधून गळून खाली साचणारं पेट्रोल तेच आहे. एव्हगॅस १००एलएलची, म्हणजे विमानाच्या पेट्रोलची, वाफ शून्याच्या खूप खालीही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते.

फ्लड झालंय असं वाटलं तर थांबा. उतरून नाकाखाली बघा. डबकं दिसलं तर विमान ढकलून बाजूला घ्या. मग फ्लडेड स्टार्टची पद्धत वापरा : मिक्शर कटऑफ (म्हणजे पेट्रोल बंद), थ्रॉटल पुढे, स्टार्टर. इंजिनाने धरलं की मिक्शर पुढे आणि थ्रॉटल मागे. या थांबण्यात ५ मिनिटं जातात. पुढची पाळी खोळंबलीय, इन्स्ट्रक्टर घड्याळ बघतायत, म्हणून ती ५ मिनिटं वाचवू नका.

शिकाऊ_निपाणी

सर, मी महाराष्ट्रातल्या एका ठिकाणी शिकते. मागच्या थंडीत शेजारच्या विमानाला असं झालेलं मी बघितलंय. इंजिन दोन-तीनदा धरता धरता राहिलं, मग 'फट्' असा आवाज आला आणि नाकाखाली पिवळी ज्योत दिसली. आत बसलेल्या मुलाला ती दिसतच नव्हती! त्याला वाटलं, पुन्हा सुरू झालं नाही, एवढंच. हँगरजवळचे दोघे हात हलवत ओरडायला लागले. तो गोंधळला, चावी सोडली आणि दार उघडून खाली उतरला. दुसऱ्या बाजूच्या इन्स्ट्रक्टरनी चावी हातात घेतली, मिक्शर मागे ओढलं आणि स्टार्टर मारत राहिले. आग गेली. कुणाला काही झालं नाही.

माझी शंका वेगळी आहे. आमच्याकडे १७२ पण आहे आणि पीए-२८ पण. दोन्हींची चेकलिस्ट यात सारखी नाही. एकात मिक्शरला हात न लावता स्टार्टर चालू ठेवा म्हणतात, दुसऱ्यात आधीच कटऑफ. पाठ करताना माझी नेहमी सरमिसळ होते. नक्की बरोबर कुठलं?

टिळकवाडीचा_वैमानिक

ताई, दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या विमानापुरती.

सेसना १७२ म्हणते : स्टार्टर चालू ठेवा, इंजिन सुरू होऊ द्या. सुरू झालं तर जुन्या मॉडेलला १७०० आणि १७२ एसला १८०० आरपीएमवर काही मिनिटं चालवा, मग बंद करून तपासणी करा. सुरू झालंच नाही, तर थ्रॉटल पूर्ण पुढे, मिक्शर कटऑफ, आणि स्टार्टर तरीही चालूच. त्यानंतर इंधन बंद, मॅग्नेटो बंद, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, बाहेर, अग्निशामक.

पायपर म्हणते : इंजिन सुरू व्हायच्या आधीच आग दिसली तर लगेच मिक्शर कटऑफ, थ्रॉटल उघडा, स्टार्टर मारा. इंजिन सुरू झालेलं असेल तर चालूच ठेवा, आग आत ओढली जाऊ दे. आणि काही सेकंदांपेक्षा जास्त टिकली तर इंधन बंद करून बाहेरून विझवा.

सेसनाचं म्हणणं असं की सुरू झालेल्या इंजिनाची ओढ स्टार्टरपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून आधी सुरू करायचा प्रयत्न. पायपर आगीला नवं पेट्रोल मिळू नये याला आधी महत्त्व देते. दोन्ही पद्धतींत काय समान आहे ते बघा : इंजिन फिरतं ठेवा. थ्रॉटल पूर्ण उघडायचं ते हवेची वाट मोकळी व्हावी म्हणून. सरमिसळ होऊ नये यासाठी माझी सवय सांगतो. चावी फिरवण्याआधी, त्या दिवशीच्या विमानात बसल्यावर, हात त्या त्या दांड्यावर ठेवून एकदा तोंडाने म्हणायचं : 'आग दिसली तर हा इथे, हा तिथे.' हातालाच आठवण राहते.

निवृत्त_हवाई_सैनिक

मी सांबऱ्याच्या हवाई दलाच्या तळावर नोकरी करून निवृत्त झालो, आता हिंडलग्याला असतो. वरचं सगळं वाचलं. माझा एक आक्षेप आहे आणि तो मी गांभीर्याने मांडतो.

१८-१९ वर्षांच्या पोराला 'पेटलेल्या विमानात बसून चावी धरून राहा' हे शिकवताना फार जपून शिकवायला पाहिजे. १७२ च्या पंखांत भरलेल्या टाक्यांना सुमारे २०० लिटर पेट्रोल असतं, तेही माणसाच्या डोक्यावर. आग इनटेकमध्येच आहे असं गृहीत कसं धरता? पेट्रोलची नळी सुटलेली असेल, जमिनीवरचं डबकं पेटलेलं असेल, तर स्टार्टर मारून काय ओढलं जाणार? उलट इंजिन फिरतंय तोवर इंजिनावरचा पंपही फिरतोय आणि गळणाऱ्या नळीला पेट्रोल पुरवतोय. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम पुन्हा मिळतं. पोरगं पुन्हा मिळत नाही.

खानापूरचा_एएमई

काका, तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो या धाग्यात यायलाच हवा होता. स्टार्टर चालू ठेवण्याचा उपाय फक्त इनटेकच्या आगीला लागू आहे. नळी गळून लागलेल्या आगीला नाही, डबक्याच्या आगीला नाही, विजेच्या आगीला तर नाहीच. पुस्तिका तो उपाय आधी सांगते, कारण सुरू करताना लागणारी आग बहुतेकदा ज्यादा प्रायमिंगमुळेच असते. पायपरच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलंय. पण बहुतेकदा म्हणजे नेहमी नव्हे.

आतल्या माणसाला मात्र फरक कळत नाही. ताईंनी लिहिलंय तसं त्याला ज्योतच दिसत नाही. विमान नाक वर करून उभं, समोर पॅनेल, पॅनेलपुढे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामधली पत्र्याची भिंत. त्याला दिसतो तो फार तर धूर आणि काउलिंगवर फुगणारा रंग. फायरवॉल स्टेनलेस स्टीलची असली तरी तिचा पत्रा ०.०१५ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असू शकतो. ती वेळ देते, पण फार वेळ देत नाही. म्हणून बाहेर एक शिकवलेला माणूस उभा असणं माझ्या दृष्टीने आतल्या माणसाच्या पाठांतराइतकंच महत्त्वाचं आहे.

टिळकवाडीचा_वैमानिक

काकांनी वेळेवर थांबवलं. पहिल्या पोस्टमध्ये मी फक्त इनटेकच्या आगीबद्दल लिहिलं होतं, त्यात ही जोड द्या : स्टार्टर मारूनही काही सेकंदांत आग आत गेली नाही, किंवा बाहेरच्या माणसाने जमिनीकडे बोट दाखवलं, तर पुढे थांबायचं नाही. इंधन, मॅग्नेटो, मास्टर बंद आणि बाहेर. कुणाकडे दाराजवळची सोय कशी आहे तेही आधी बघा. १७२ ला दोन्ही बाजूंना दारं आहेत. पीए-२८ ला एकच, उजवीकडे, पंखावर उघडणारं. म्हणजे उजवीकडचा माणूस आधी उतरल्याशिवाय डावीकडच्याला वाट नाही. उतरून नेहमी शेपटीकडे जायचं, प्रॉपेलरकडे कधीच नाही.

बाहेरच्या माणसाच्या खुणेबद्दल. इंजिनाच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही, मग ते मराठीत असो वा कन्नडमध्ये. म्हणून आंतरराष्ट्रीय खूण ठरलेली आहे : उजवा हात खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पंख्यासारखा हलवायचा आणि डाव्या हाताने आग जिथे आहे तिकडे बोट दाखवायचं. ती शिकायला एक मिनिट लागतं. पण ती आतल्या मुलाला माहीत नसेल तर त्याला वाटेल, हा माणूस नमस्कार करतोय. रॅम्पवरच्या (विमानं उभी करायच्या जागेवरच्या) पोरांना आणि विद्यार्थ्यांना एकत्र उभं करून ही खूण करून घ्यायला हवी.

सांबऱ्याचा_शेतकरी

आमचं शेत धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला हाय. मे २०२३ मध्ये होन्नीहाळजवळ शेतात शिकाऊ विमान उतरलं होतं, तवा आसपासच्या गावची माणसं धावत गेलेली. मदत करायला पायजे हे आमाला कळतंय, पण काय करायचं नि काय करायचं न्हाई हे कोण सांगत न्हाई. पाणी मारायचं का? माती टाकायची का? पंखा फिरवून बघू नका म्हणतात ते खरं काय? धाग्याचा इषय वेगळा हाय, पण आगीचंच हाय म्हणून इचारतोय.

खानापूरचा_एएमई

दादा, विषय अजिबात वेगळा नाही. बरं झालं विचारलंत.

प्रॉपेलरला हात लावायचा नाही, हे शंभर टक्के खरं. बॅटरी बंद असली, चावी काढलेली असली, तरी मॅग्नेटोची एक वायर तुटलेली असेल तर तो जिवंत असतो. प्रॉपेलर हाताने जरा फिरवला आणि सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असलं, तर इंजिन एक झटका मारू शकतं. तेवढ्यात हात जातो. फिरत असलेल्या प्रॉपेलरसमोरून तर जायचंच नाही. तो दिसत नाही.

विमानाजवळ जाताना वारा पाठीवर घ्या, शेपटीच्या बाजूने जा. विडी-सिगारेट लांब. पेट्रोलवर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. माती चालते, जुन्या १७२ च्या पुस्तिकेतही अग्निशामक, लोकरीचं घोंगडं किंवा माती असंच लिहिलंय. आपल्याकडे घोंगडी घरोघर आहे. लोकरीचीच घ्या, नायलॉनचं ब्लँकेट नको, ते वितळतं. पण आधी माणसं बाहेर काढायची. माणसं बाहेर आली असतील आणि आग वाढत असेल, तर लांब व्हा. पंखांत पेट्रोल असतं हे काकांनी वर सांगितलंच आहे.

रॅम्पवरच्यांसाठी : इंजिनाच्या आगीला शक्य तिथे काळ्या भोंग्याचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरा. एबीसी पावडरने आग विझते, पण तिच्यातलं अमोनियम फॉस्फेट ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम खातं, मग इंजिन उघडून धुवावं लागतं. जवळ पावडरचाच सिलिंडर असेल तर तोच मारा, गंजाचा विचार नंतर. काउलिंग उघडू नका. गॅरेजवाल्या दादांनी बॉनेटचं जे सांगितलं, तेच इथे. तळाच्या फटीतून आणि हवेच्या तोंडातून मारा, प्रॉपेलर थांबल्यावरच.

रोटॅक्सवाला

मायक्रोलाइटवाल्यांसाठी थोडक्यात. रोटॅक्स ९१२ ला दोन कार्ब्युरेटर आहेत, पण ते इंजिनाच्या वरच्या बाजूला. सुरू करायला चोक असतो, थ्रॉटल बंद ठेवायचं. थ्रॉटल पंप करून उपयोग नाही, त्यात अ‍ॅक्सिलरेटर पंपच नाही. कार्ब्युरेटरखाली ठिबक-ताटल्या असतात, कारण पेट्रोल ओघळलं तर थेट गरम एक्झॉस्टवर पडेल. त्या ताटल्यांची नळी तुंबलेली नाही हे रोजच्या तपासणीत बघा. बॅटरी कमजोर असताना सेल्फ मारत बसू नका, इंजिन उलटा झटका देतं.

शहापूरची_आई

माझा मुलगा पुढच्या महिन्यापासून शिकायला जाणार आहे. हे सगळं वाचून रात्री झोप लागली नाही, पण वाचलं ते बरंच झालं. आम्ही साडीच्या धंद्यातली माणसं, आम्हाला विमानातलं काही कळत नाही. शाळेत जाऊन काय विचारावं? की असं विचारलं तर मुलाला त्रास होईल?

टिळकवाडीचा_वैमानिक

वहिनी, त्रास होणार नाही. चांगल्या शाळेला असे प्रश्न आवडतात. फी विचारता तसंच हे विचारा. इंजिन सुरू करताना बाहेर सिलिंडर घेऊन माणूस उभा असतो का? तो कोण, त्याला शिकवलंय का? विमानाच्या आतल्या अग्निशामकाची तारीख कधीची? विमानं कुठल्या इंधनावर चालतात? काही शाळांत डायमंड डीए-४० एनजीसारखी जेट ए-१ वर (रॉकेलसारख्या इंधनावर) चालणारी डिझेल विमानं आहेत. त्या इंधनाची वाफ पेट घ्यायला किमान ३८ अंश तापमान लागतं, त्यात कार्ब्युरेटर नाही आणि ठिणगीही नाही. या एका धोक्यापुरती ती विमानं बरी. पण त्यासाठी शाळा बदलू नका; पेट्रोलची विमानं जगभर सुरक्षित चालवली जातात, फक्त शिस्तीने.

मुलालाही एक सांगा. इंजिन सुरू होत नाही म्हणून इन्स्ट्रक्टर किंवा मित्र 'अजून पंप मार' म्हणाले आणि त्याला नाकाखाली पेट्रोलचा वास आला, तर 'थांबूया' म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. तो नवीन आहे म्हणून नाक कमी काम करत नाही.

शिकाऊ_निपाणी

काकू, मीही पहिल्या महिन्यात घाबरले होते. आता सुरू करण्याआधी दोन्ही विमानांची कृती हात ठेवून म्हणते, वर सरांनी सांगितलं तशी. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांनी सुरू केलंय.

एक शेवटचं विचारते. त्या दिवशी आग विझल्यावर इंजिन व्यवस्थित फिरत होतं, म्हणून कुणीतरी म्हणालं, आता उडायला हरकत नाही. ते विमान उडालं नाही, पण त्या म्हणण्यात काही तथ्य होतं का?

खानापूरचा_एएमई

अजिबात नाही. इंजिन फिरतंय याचा अर्थ एवढाच, की आतले भाग शाबूत आहेत. जळतं ते बाहेरचं. एअर फिल्टर करपून त्याचे तुकडे पुढच्या उड्डाणात कार्ब्युरेटरमध्ये ओढले जाऊ शकतात. एअरबॉक्सची फडकी वाकते, मग कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) नीट बसत नाही. हवेच्या लवचिक नळ्या आतून सुटतात आणि बाहेरून चांगल्या दिसतात. पेट्रोलच्या आणि तेलाच्या नळ्यांचं आवरण कडक होतं, वायरिंगचं इन्सुलेशन वितळतं, इंजिन माउंटच्या रबरी गाद्या शिजतात. पुढच्या चाकाचा टायर बघायचा. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तापून मऊ झालाय का, ते रंगावरून आणि कठीणपणा मोजून ठरवावं लागतं. यातलं काहीही वैमानिकाने टॉर्च मारून ठरवायचं नाही. लॉगमध्ये नोंद, विमान उभं, इंजिनीअरची तपासणी आणि सही. त्यानंतरच उड्डाण. शाळेने डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, कळवायचं की नाही, हे शाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याचं काम. विद्यार्थ्याने आपल्या बाजूने जे घडलं ते त्याच दिवशी लिहून त्याच्याकडे द्यायचं.